इंडेक्स एकाचा, वाचन दुसऱ्याचे: आरटीसीची रजिस्टरे आणि इंटरप्ट यांचा संघर्ष

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाला आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही एक्स८६ यंत्रासाठी स्वतःचे लहान कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहीत आहात. आरटीसी, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचा नियतकालिक इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारा इशारा) तुम्ही सेकंदाला १०२४ वेळा येईल असा चालू केला आहे आणि दुसरीकडे तारीख-वेळ दाखवणारा कोड त्याच घड्याळातून सेकंद, मिनिटे, तास, दिनांक, महिना वाचतो. एका कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र एककावर) बहुतेक वेळा सगळे बरोबर येते, पण मधूनच महिना किंवा दिनांक शून्य येतो. त्यावर तुम्ही स्पिनलॉक, म्हणजे मोकळा होईपर्यंत फिरत वाट पाहायला लावणारा लॉक, लावला, तर यंत्र थोड्याच वेळात गोठले. मग लॉक काढून वाचनाआधी इंटरप्ट बंद आणि वाचनानंतर चालू, अशी व्यवस्था केली. एका कोअरवर दोष गेला, परंतु दुसरा कोअर सुरू केल्यावर काही वेळाने आयआरक्यू ८, म्हणजे याच घड्याळाचा इंटरप्ट, येणे कायमचे थांबते. तुम्ही विचारता, की घड्याळाची चिप सदोष आहे की इंटरप्ट कंट्रोलरची, म्हणजे इंटरप्ट प्रोसेसरपर्यंत पोहोचवणाऱ्या चिपची, मांडणी चुकली आहे.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून दोन्ही शक्यता मला पटत नाहीत. तिन्ही लक्षणे एकाच कारणाची आहेत आणि प्रत्येक उपायाने ते कारण फक्त दुसऱ्या जागी सरकले आहे. हे घड्याळ वाचणे किंवा लिहिणे ही दोन पायऱ्यांची एकसंध क्रिया आहे, पण तुमच्या कर्नेलमध्ये त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरे कोणीतरी शिरू शकते.

ही मांडणी अशी का आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप घड्याळासाठी वापरली गेली. तिच्यात ६४ बाइट होते: पहिले १४ घड्याळाचे आणि त्याच्या नियंत्रणाचे, उरलेले ५० सेटिंग साठवण्याचे. या सगळ्यांसाठी प्रोसेसरला दोनच पोर्ट, म्हणजे देवघेवीचे पत्ते, दिसतात. हेक्स ७० (सोळाच्या पायातला आकडा) या पोर्टवर हव्या त्या रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या बाइटचा, क्रमांक, म्हणजे इंडेक्स, लिहायचा आणि हेक्स ७१ या पोर्टवरून त्या रजिस्टरचा आशय वाचायचा किंवा तिथे लिहायचा. आज ही चिप स्वतंत्र नसून चिपसेटच्या पोटात असते, तरी बाहेरून दिसणारे वर्तन तेच ठेवलेले आहे. महत्त्वाची बाब अशी, की शेवटी लिहिलेला इंडेक्स चिपमध्ये राहतो; तो कोणी लिहिला, कोणत्या कोअरने लिहिला, कोणत्या कामासाठी लिहिला, याची चिपला काहीही कल्पना नसते.

आता पहिले लक्षण घ्या. तुमचा वाचनाचा कोड महिन्यासाठी पोर्ट ७० वर ८ लिहितो. पुढची सूचना पोर्ट ७१ वाचण्याची आहे, पण ती चालण्याआधी आयआरक्यू ८ येतो. हँडलरला, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडला, रजिस्टर सी (इंटरप्टचे फ्लॅग ठेवणारे) वाचणे भागच आहे, म्हणून तो पोर्ट ७० वर रजिस्टर सीचा क्रमांक लिहितो, पोर्ट ७१ वाचतो, कंट्रोलरला ईओआय, म्हणजे काम संपल्याची सूचना, देतो आणि परततो. मूळ कोड जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो आणि पोर्ट ७१ वाचतो. त्याच्या मते हा महिना आहे; प्रत्यक्षात तो पुन्हा रजिस्टर सी वाचत आहे. रजिस्टर सी वाचताच त्यातले सगळे इंटरप्ट फ्लॅग पुसले जातात आणि हँडलरने ते नुकतेच वाचलेले असते, त्यामुळे दुसऱ्या वाचनात जवळजवळ नेहमी शून्यच मिळते. तुम्हाला भलताच आकडा न येता नेमके शून्य येते, ते यामुळे. सेकंद, मिनिटे आणि तासही अशाच रीतीने शून्य होत असणार, परंतु शून्य सेकंद किंवा शून्य मिनिटे दिसली तर कोणालाही शंका येत नाही. शून्य महिना मात्र अस्तित्वातच नसतो, म्हणून दोष तिथे दिसला. याचा अर्थ असाही होतो, की तुम्हाला दिसलेल्या चुकांपेक्षा प्रत्यक्ष चुका जास्त झाल्या असाव्यात.

ही चूक किती वेळा व्हावी, याचा अंदाजही बांधता येतो. इंटरप्ट दर ९७६ मायक्रोसेकंदांनी येतो. अशा जुन्या पोर्टवरच्या एका व्यवहाराला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो असे धरले, तर एका रजिस्टरच्या वाचनात एवढीच फट उघडी राहते. सहा-सात रजिस्टरे वाचताना अशा सहा-सात फटी होतात, म्हणजे हजार संपूर्ण वाचनांत पाच-सात वाचने बिघडू शकतात. सेकंदाला एकदा वेळ दाखवणाऱ्या कोडमध्ये हे काही मिनिटांतून एकदा घडेल आणि त्यातले दिनांक-महिन्यावरचेच तेवढे नजरेस येईल. तुमचे ‘मधूनच’ याच्याशी जुळते.

वाचन बिघडण्यापेक्षा लेखन बिघडणे अधिक चिंतेचे आहे. वेळ बदलताना इंडेक्स आणि आशय यांच्या मध्ये हाच हँडलर शिरला, तर तुमचा आशय रजिस्टर सीकडे जातो. ते केवळ वाचनासाठी असल्यामुळे लेखन निमूटपणे हरवते. मधे शिरणारा कोड सेटिंगचा एखादा बाइट निवडणारा असता, तर तुमचे मिनिट त्या बाइटवर लिहिले गेले असते आणि फर्मवेअरला (यंत्रातल्या अंगभूत कोडला) पुढच्या सुरुवातीला चेकसम, म्हणजे बाइटांची पडताळणीची बेरीज, जुळला नसता. एका वाचनाची चूक पुढच्या वाचनात भरून निघते, पण अशा लेखनाचे तसे नसते.

येथे साहजिकच असे वाटते, की हँडलरने आधीचा इंडेक्स जतन करून परतताना पुन्हा बसवावा म्हणजे झाले. ते या पोर्टवर जमत नाही, कारण परंपरेने पोर्ट ७० हा फक्त लिहिण्याचा आहे. त्यावरून आधीचा इंडेक्स विश्वासाने वाचता येत नाही. शिवाय त्या बाइटचा सर्वांत वरचा बिट इंडेक्सचा भागच नाही. तो एनएमआय, म्हणजे एरवी बंद न करता येणारा इंटरप्ट, बंद किंवा चालू करतो. एखाद्या कोडने एनएमआय बंद ठेवण्यासाठी तो बिट १ करून ठेवला असेल आणि तुमच्या हँडलरने साधा इंडेक्स लिहिला, तर त्याने नकळत एनएमआय पुन्हा चालू केला. एकाच पोर्टमध्ये दोन असंबद्ध कामे कोंबलेली असल्यामुळे हा संघर्ष वाटतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा होतो. म्हणून त्या बिटची इच्छित स्थिती कर्नेलमधल्या एकाच चलात ठेवावी आणि पोर्ट ७० वर लिहिणाऱ्या एकमेव फंक्शनने ती प्रत्येक इंडेक्समध्ये मिसळावी, असा माझा आग्रह असतो.

दुसरे लक्षण, म्हणजे स्पिनलॉक लावल्यावर यंत्र गोठणे. लॉकची कल्पना बरोबर होती, पण तो घेण्याची पद्धत अपुरी होती. साध्या कोडने लॉक घेतला, मधेच त्याच कोअरवर इंटरप्ट आला आणि हँडलर तोच लॉक घेण्यासाठी फिरत बसला. लॉक सोडणारा कोड हँडलर परतल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही आणि हँडलर लॉक सुटल्याशिवाय परतू शकत नाही. जो लॉक इंटरप्ट हँडलरमध्ये घेतला जातो, तो इतर प्रत्येक ठिकाणी त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद करूनच घ्यावा लागतो. या नियमाला मी अपवाद पाहिलेला नाही. लिनक्समध्ये सीमॉससाठी, म्हणजे या चिपमधल्या बाइटांसाठी, संपूर्ण कर्नेलला एकच स्पिनलॉक आहे आणि हँडलरबाहेरचा कोड तो याच रीतीने, इंटरप्टची आधीची स्थिती जतन करून घेतो.

‘स्थिती जतन करून’ या शब्दांवर थोडे थांबतो, कारण तुमच्या तिसऱ्या प्रयत्नात नेमके हेच राहिले आहे. तुम्ही वाचनाआधी सीएलआय (इंटरप्ट बंद करणारी सूचना) आणि वाचनानंतर एसटीआय (चालू करणारी सूचना) लिहिले आहे. हे फंक्शन इंटरप्ट आधीच बंद असलेल्या कोडमधून बोलावले गेले, तर परतताना ते इंटरप्ट चालू करून जाईल आणि बोलावणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. हा दोष इतर कुठेतरी, बहुधा शेड्यूलरमध्ये (कामांची पाळी ठरवणाऱ्या कोडमध्ये), अनाकलनीय रूपाने उगवतो आणि शोधायला फार कठीण जातो. म्हणून आधी फ्लॅग रजिस्टर स्टॅकवर ठेवावे, मग इंटरप्ट बंद करावेत, मग लॉक घ्यावा. सोडताना आधी लॉक सोडावा आणि मग जतन केलेले फ्लॅग जसेच्या तसे परत बसवावेत. लॉक घेतल्यानंतर इंटरप्ट बंद केले, तर या दोन सूचनांच्या मधल्या क्षणात तीच कोंडी पुन्हा होऊ शकते.

तिसरे लक्षण मला सर्वांत उद्बोधक वाटते. सीएलआय फक्त ज्या कोअरवर चालते त्या कोअरचे इंटरप्ट थांबवते. दुसरा कोअर आपल्या मार्गाने चालूच असतो. समजा कोअर ० वर हँडलर चालू आहे आणि त्याने रजिस्टर सी निवडले. त्याच क्षणी कोअर १ वरच्या वाचकाने पोर्ट ७० वर सेकंदांचा इंडेक्स लिहिला. आता कोअर ० पोर्ट ७१ वाचतो आणि त्याला सेकंद मिळतात. त्याने रजिस्टर सी वाचले अशी त्याची समजूत आहे, पण ते वाचलेच गेले नाही. रजिस्टर सी वाचले जात नाही तोवर चिप आपली इंटरप्टची रेषा सोडत नाही. ही रेषा ८२५९ या जुन्या इंटरप्ट कंट्रोलरवर, आणि रूढ मांडणीनुसार आयओ एपिक या नव्या कंट्रोलरवरही, कडेवर चालणारी असते, म्हणजे रेषा खालून वर जाण्याचा क्षणच तेवढा नोंदवला जातो. रेषा वरच अडकून राहिली, तर नवी कड कधीच येणार नाही आणि आयआरक्यू ८ कायमचा गप्प होईल. कंट्रोलर निर्दोष आहे, चिपही निर्दोष आहे. फक्त एक वाचन भलत्या रजिस्टरवर गेले. दोष दिसायला वेळ लागतो, कारण दोन्ही कोअर एकाच मायक्रोसेकंदाच्या फटीत यावे लागतात. मात्र ते एकदाच घडले तरी पुरते, कारण त्यातून आपोआप सुटका नाही.

याच कारणास्तव, नियतकालिक इंटरप्ट चालू करताना रजिस्टर बीमधला बिट ६ लावल्यावर रजिस्टर सी एकदा वाचून टाकावे. फर्मवेअरने किंवा तुमच्याच आधीच्या कोडने एखादा फ्लॅग लावून ठेवला असेल आणि त्यानंतर ८२५९ची पुनर्रचना झाली असेल, तर रेषा आधीच वर असल्यामुळे पहिली कडसुद्धा मिळत नाही. रजिस्टर बी आणि ए बदलताना आधीचा आशय वाचून, हवे तेवढेच बिट बदलून पुन्हा लिहावे लागते. तेव्हा वाचन आणि लेखन हे दोन्ही व्यवहार लॉक एकदाच धरून, मधे न सोडता व्हावेत. प्रत्येक व्यवहाराला वेगळा लॉक घेतला, तर मधल्या क्षणी दुसऱ्याने केलेला बदल पुसला जाईल.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे, तर शून्य महिना म्हणजे त्याच कोअरवरच्या हँडलरने बदललेला इंडेक्स, गोठणे म्हणजे इंटरप्ट बंद न करता घेतलेला लॉक आणि गप्प झालेला आयआरक्यू ८ म्हणजे दुसऱ्या कोअरने बदललेला इंडेक्स. या तिघांवर उपाय एकच: पोर्ट ७० आणि ७१ ला स्पर्श करणारे एकच फंक्शन, त्याच्याभोवती फ्लॅग जतन करून घेतलेला एकच लॉक, आणि हँडलरसह सर्वांनी त्याच दाराने जाणे.

हे ‘सर्वांनी’ प्रत्यक्षात कोण कोण, हे शोधताना लोक नेहमी एक-दोन ठिकाणे विसरतात. तुमच्या बाबतीत माझी शंका दुसरा कोअर जागा करणाऱ्या कोडवर आहे. जुन्या मल्टिप्रोसेसर पद्धतीनुसार दुसऱ्या प्रोसेसरला जागे करण्याआधी सीमॉसच्या १५ क्रमांकाच्या बाइटमध्ये १० हा आकडा लिहून पुनरारंभाचा मार्ग ठरवला जातो, आणि अनेक शिकाऊ कर्नेलांत ही पायरी उदाहरणातून जशीच्या तशी आलेली असते. ते लेखनही याच दोन पोर्टमधून होते. तुमच्याकडे ती पायरी असेल, तर तिलाही लॉक हवा; लिनक्स त्या जागी तोच सीमॉस लॉक घेतो. त्याशिवाय यंत्र पुन्हा सुरू करणारा कोड, फ्लॉपीचा प्रकार सीमॉसमधून ओळखणारा कोड आणि एसीपीआयच्या (फर्मवेअर आणि कर्नेल यांच्यातल्या मानकाच्या) भाषेतून सीमॉस मागणारा कोड हेही तपासा. एसीपीआयमध्ये सीमॉससाठी वेगळे क्षेत्र ठरलेले आहे आणि त्या क्षेत्रातला प्रत्येक व्यवहार कर्नेलने दिलेल्या फंक्शनमार्फत होतो, म्हणजे तोही तुमच्या दारातून नेता येतो.

एनएमआय मात्र या व्यवस्थेत बसत नाही. तो सीएलआयने थांबत नाही, त्यामुळे लॉक धरलेला असतानाच त्याच कोअरवर तो येऊ शकतो आणि त्याच्या हँडलरने लॉकची वाट पाहिली तर पुन्हा कोंडी होईल. त्यावर मी देतो तो सल्ला साधा आहे: एनएमआयच्या हँडलरमधून पोर्ट ७० ला हात लावू नये. एनएमआय पुन्हा सज्ज करण्यासाठी काही यंत्रांवर तो लावावाच लागतो. अशा वेळी ३२ बिटी एक्स८६वर लिनक्सने केलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. तिथे लॉक कोणत्या कोअरकडे आहे आणि त्याने कोणता इंडेक्स निवडला आहे, हे मेमरीतल्या एका शब्दात नोंदवले जाते. एनएमआयचा हँडलर ती नोंद पाहतो आणि लॉक आपल्याच कोअरकडे असेल, तर आपले काम झाल्यावर नोंदवलेला इंडेक्स पोर्ट ७० वर पुन्हा लिहून परततो. पोर्ट वाचता येत नाही, म्हणून त्याची प्रत मेमरीत ठेवलेली आहे.

आता एका वेगळ्या प्रश्नाकडे वळतो. तो याच रजिस्टरांचा आहे, पण लॉकने सुटत नाही, आणि वरचे सगळे दुरुस्त केल्यावर तुम्हाला तो भेटणारच आहे. घड्याळ सेकंदातून एकदा आपली रजिस्टरे पुढे सरकवते. त्या काळात वाचलेले आकडे अर्धे जुने, अर्धे नवे असू शकतात: ११ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर तास बदलला, पण मिनिटे जुनीच मिळाली, असा प्रकार होतो. येथे स्पर्धा दोन कोडमार्गांत नसून तुमचा कोड आणि चिपचे स्वतःचे काम यांच्यात आहे, आणि चिप तुमचा लॉक ओळखत नाही. त्यासाठी रजिस्टर एमध्ये यूआयपी नावाचा सर्वांत वरचा बिट दिलेला आहे. तो १ असेल, तर बदल चालू आहे किंवा लवकरच सुरू होणार आहे. तो ० दिसला, तर पुढचे किमान २४४ मायक्रोसेकंद रजिस्टरे स्थिर राहतील अशी हमी असते. मूळ चिपवर ३२.७६८ किलोहर्ट्झच्या स्फटिकासह प्रत्यक्ष बदलाला १९८४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे यूआयपी एकूण सव्वादोन मिलिसेकंदांच्या आसपास १ राहतो.

या आकड्यांवरून लॉक किती काळ धरावा हे ठरते. सात रजिस्टरे वाचण्यास चौदा व्यवहार, म्हणजे पंधरा-वीस मायक्रोसेकंद लागतात; ते २४४ च्या आत आरामात बसते. पण प्रत्येक रजिस्टरसाठी लॉक घेऊन सोडला, तर मधे इतर इंटरप्ट चालतील, शेड्यूलर दुसरे काम चालू करील आणि २४४ मायक्रोसेकंदांची हमी केव्हाच संपून जाईल. म्हणून यूआयपीची तपासणी आणि सगळी रजिस्टरे वाचणे हे लॉक एकदाच धरून, मधे न सोडता करावे. याउलट यूआयपी १ दिसला, तर लॉक धरून, इंटरप्ट बंद ठेवून तो ० होण्याची वाट पाहू नये. १०२४ च्या दराने येणाऱ्या इंटरप्टसाठी दोन मिलिसेकंद म्हणजे दोन ठोके असतात आणि एक तरी नक्की हरवेल. लॉक सोडावा, थोडे थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. प्रयत्नांना वरची मर्यादाही असावी, कारण घड्याळ बंद असलेल्या यंत्रावर यूआयपी कायम १ वाचला जाऊ शकतो आणि कर्नेल सुरू होतानाच तिथे अडकू शकते.

तुम्ही हे आभासी यंत्रावर चालवत असाल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथे तुम्ही इंटरप्ट बंद केले तरी हायपरव्हायझर, म्हणजे आभासी यंत्र चालवणारा प्रोग्राम, तुमचा संपूर्ण कोअर काही मिलिसेकंद बाजूला ठेवू शकतो आणि तुम्हाला ते कळणार नाही. खऱ्या यंत्रावरही फर्मवेअरचा एसएमआय, म्हणजे कर्नेलच्या नकळत फर्मवेअरचा कोड चालवणारा इंटरप्ट, हेच करतो. त्यामुळे आधी यूआयपी ० होता एवढ्यावर समाधान मानू नये. मी सेकंद आधी वाचून ठेवतो, मग यूआयपी तपासतो, सगळी रजिस्टरे वाचतो, पुन्हा यूआयपी तपासतो आणि शेवटी सेकंद पहिल्याइतकेच आहेत ना हे पाहतो. यांपैकी काहीही बिनसले, तर सगळे आकडे टाकून पुन्हा सुरुवात. सेकंदांची दुसरी तपासणी अनावश्यक वाटते, परंतु विराम मोठा असेल तर यूआयपी १ होऊन पुन्हा ० झालेला असू शकतो आणि दोन्ही टोकांना ० दिसूनही मधे बदल घडलेला असतो.

काही गोष्टी तुमच्या यंत्रावर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून ठरवता येणार नाहीत. तुम्ही एचपीईटी, म्हणजे यंत्रातला वेगळा अचूक टायमर, चालू केला आहे का, हे पाहा. त्याच्या सामान्य नियंत्रण रजिस्टरमधला बिट १ लावला, तर एचपीईटीचा टायमर ० हा आयआरक्यू ० ची आणि टायमर १ हा आयआरक्यू ८ ची जागा घेतो. त्या अवस्थेत आरटीसीचे इंटरप्ट तिथे पोहोचतच नाहीत, मग रजिस्टर बी कितीही बरोबर असो. तुमचे इंटरप्ट सुरुवातीला येतात आणि नंतर थांबतात, म्हणून हे मूळ कारण असण्याची शक्यता कमी आहे. तरी थांबण्याचा क्षण एचपीईटी सुरू होण्याच्या क्षणाशी जुळत असेल, तर आधी तिथेच शोधा. दुसरे म्हणजे, काही यंत्रांवर हे घड्याळ या रूपात उपलब्धच नसते. एसीपीआयच्या एफएडीटी सारणीत तसे सांगणारा बिट आहे, तो पाहिल्याशिवाय पोर्ट ७० ला हात लावू नये. फर्मवेअरने एसएमआयमध्ये इंडेक्स बदलून तसाच ठेवला, तर मात्र कर्नेलमधला कोणताही लॉक तुम्हाला वाचवणार नाही. तिथे वर सांगितलेली दुहेरी तपासणी वाचनापुरता आधार देते, लेखनाला नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर शेड्यूलरच्या ठोक्यासाठी आरटीसीचा इंटरप्ट वापरूच नये. हँडलरला प्रत्येक वेळी रजिस्टर सी वाचावे लागते, म्हणजे सेकंदाला १०२४ वेळा तुम्ही एका संथ, सर्वांच्या मालकीच्या पोर्टवर गर्दी करता आणि वरचा प्रत्येक धोका तेवढ्या वेळा ओढवून घेता. ठोक्यासाठी प्रत्येक कोअरचा स्वतःचा लोकल एपिक टायमर आहे; त्याची रजिस्टरे त्या कोअरपुरती असतात, दुसरा कोअर त्यांना हात लावू शकत नाही आणि त्यात इंडेक्सची भानगड नाही. त्याचा वेग यंत्रागणिक वेगळा असतो, म्हणून सुरुवातीला एकदा पीआयटी (पीसीतला जुना टायमर) किंवा एचपीईटीशी तो पडताळून घ्यावा लागतो, एवढाच त्रास. आरटीसी मग यंत्र सुरू होताना एकदा वाचावे, तिथून पुढची वेळ टीएससी (प्रोसेसरचा स्वतःचा मोजक) किंवा एचपीईटीच्या मोजणीवर चालवावी आणि वेळ बदलली तरच आरटीसीत लिहावी. लॉक तरीही हवाच, पण त्या दारावर गर्दी उरत नाही.

पीआयटीकडे वळलात, तर हाच संघर्ष तिथे वेगळ्या वेषात भेटेल. त्याची मोजणी १६ बिटांची आणि पोर्ट ८ बिटांचा आहे. त्यामुळे पोर्ट ४३ वर लॅचची, म्हणजे त्या क्षणीची मोजणी धरून ठेवण्याची, आज्ञा देऊन पोर्ट ४० वरून आधी खालचा आणि मग वरचा बाइट वाचावा लागतो. हे दोन्ही पोर्ट हेक्समधले आहेत. पुढचे वाचन कोणत्या बाइटचे, हे चिप आतल्या आत लक्षात ठेवते. दोन बाइटांच्या मध्ये दुसऱ्या कोणी एक बाइट वाचला, तर तिथून पुढे सगळे बाइट उलटे मिळत राहतात. तेथेही तीन व्यवहारांभोवती एकच लॉक लागतो. ३२ बिटी कोडमधून एचपीईटीची ६४ बिटी मोजणी वाचताना लॉक लागत नाही, पण वरचा अर्धा, खालचा अर्धा आणि पुन्हा वरचा अर्धा असा क्रम ठेवून, वरचा बदलला असल्यास पुन्हा वाचावे लागते.

निदान पक्के करण्यासाठी दुरुस्तीआधी दोन चाचण्या कराव्यात, असे मी सुचवीन. पहिली म्हणजे वाचनाच्या फंक्शनमध्ये पोर्ट ७० आणि ७१ च्या व्यवहारांच्या मध्ये मुद्दाम ५०० मायक्रोसेकंदांचा विलंब घालणे. माझे म्हणणे बरोबर असेल, तर क्वचित दिसणारा दोष निम्म्याहून अधिक वेळा दिसू लागेल. ही चाचणी मूळ, इंटरप्ट चालू असलेल्या रूपावर एकाच कोअरने करा. दुसरी म्हणजे हँडलरने वाचलेला रजिस्टर सीचा आशय नोंदवत जाणे. खऱ्या आयआरक्यू ८ नंतर त्यातला सर्वांत वरचा बिट १ असलाच पाहिजे आणि खालचे चार बिट नेहमी ० असले पाहिजेत. इंटरप्ट थांबण्याआधीची शेवटची नोंद ४५ किंवा २३ अशा सेकंदांसारख्या आकड्याची निघाली, तर तो दुसऱ्या कोअरने निवडलेल्या रजिस्टरचा आशय आहे याचा तो थेट पुरावा होईल. नोंद मेमरीतल्या लहान चक्राकार बफरमध्ये करा. हँडलरमधून सीरियल पोर्टवर छापत बसलात, तर वेळेचे गणित बदलून दोष लपेल.

एका लॉकची व्यवस्था केल्यावर त्याच दोन चाचण्या दोन्ही कोअर चालू ठेवून पुन्हा करा. विलंब पोर्ट ७० आणि ७१ च्या मध्ये, म्हणजे लॉकच्या आतच राहू द्या. त्यामुळे काही ठोके उशिरा येतील किंवा गळतील, पण शून्य महिना दिसता कामा नये आणि आयआरक्यू ८ थांबता कामा नये. तरीही थांबला, तर त्या क्षणीचे रजिस्टर बी आणि सी यांचे आशय, एचपीईटीच्या नियंत्रण रजिस्टरचा आशय आणि आयओ एपिकमधली आयआरक्यू ८ ची नोंद कळवा; रजिस्टर सीमधला वरचा बिट तेव्हा १ आहे की ०, एवढ्यावरून रेषा चिपमध्ये अडकली आहे की कंट्रोलरमध्ये हरवली आहे, हे सांगता येईल.